कंबर तलावाची वही

वही टॉवेलच्या कारखान्यातली.
उभ्या रकान्यांवर छापलंय: माग क्रमांक, पाळी, डझन.
राजेशममामांनी माग क्रमांकाखाली पक्ष्याचं नाव लिहिलं,
पाळीखाली सकाळ,
आणि डझन तसंच ठेवलं.
बदकंही डझनात बसतात, म्हणायचे.
तीन डझन अडई, वर पाच.

चाळीस वर्षं तुटलेला धागा पकडणारे डोळे.
विजापूर रोडच्या कठड्यावर कोपर टेकवून
ते पाणी डावीकडून उजवीकडे मोजायचे,
मग उजवीकडून डावीकडे, धोटा परततो तसे.
दोन्ही आकडे जुळले तरच शाई.
नाही जुळले तर पुन्हा पहिल्यापासून,
तेवढ्यात एखादा उसाचा ट्रक हॉर्न दाबत जायचा,
सगळं पाणी उठायचं
नि आम्ही चहाला जायचो.

एकोणनव्वद: थापट्या चौतीस डझन, वर चार.
पंच्याण्णव: बरोबर सोळा.
दोन हजार तीनच्या पानावर आकडा नाही.
जलपर्णी. हिरवं. पाणी दिसत नाही.
खाली तेलुगूत एकच शब्द,
मला तो वाचता येत नाही
आणि त्यांच्या मुलीने वाचून दाखवला नाही.
त्याच पानामागे गल्लीतले बंद पडलेले माग,
मालकांच्या नावांसकट.
तेही डझनात.

मग ते दुष्काळाचं साल.
उजनी खाली गेली, हिपरग्याचा तळ तडकला,
आमच्या नळाला सहाव्या दिवशी पाणी,
आणि कंबर तलावात बदकंच बदकं.
शहराचं सांडपाणी काही आटत नाही.
मी ओरडले, मामा, सहाशेच्या वर!
ते बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, हे वाढलेले नाहीत गं, गोळा झालेत.
मिल बंद पडली त्या आठवड्यात
आमच्या दारातपण अशीच गर्दी होती.
तरी शाईनेच लिहिलं: पन्नास डझन, वर अकरा.
शेरा: आनंद करू नये.

धनवराला इकडे हळदी-कुंकू म्हणतात.
काळी चोच, टोकाला हळद,
कपाळापाशी कुंकवाचे दोन थेंब.
थंडीचा पाहुणा नव्हे, इथलाच, आपल्यासारखा,
जाणार कुठे?
मोजणी संक्रांतीच्या आठवड्यात यायची,
गड्ड्यावर पाळणे लागलेले,
घराघरांतून बायका वाणं घेऊन निघालेल्या.
वडील गेल्यापासून आईला कुणी बोलावत नसे.
एका वर्षी मी तिला कठड्यावर नेलं.
लव्हाळ्यातून एक मादी निघाली, मागे पिल्लं,
आणि कुणाला न विचारता
सरळ आमच्याकडे आली, चोच पुढे करून.
आईने पदर डोक्यावरून घेतला.
अगोबाई, म्हणाली, ही तर दारात येऊन देतेय.
मामा दुसरीकडे बघत होते.
पिल्लं सात होती.
वहीत आठ आहेत.
मी दुरुस्त केलेलं नाही.

आता कॉलेजची पोरं येतात, फोनवर मोजतात,
फोटो काढून घरी जाऊन टिंबं लावतात.
त्यांचा आकडा माझ्यापेक्षा बरोबर असणार.
माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे,
पलीकडच्या काठाला टमरेल आणि टिबुकली
मला एकच दिसतात.
तरी एक गोष्ट मी पोरांना सांगितली,
मामांची, हजेरीच्या वहीतून आलेली:
रकाना रिकामा सोडू नका.
रिकामा म्हणजे मोजणारा आला नाही.
शून्य म्हणजे बदक आलं नाही.
यात फरक आहे.

यंदा चक्रवाक, शून्य.
थापट्या, एक डझनाला दोन कमी.
हळदी-कुंकू डावीकडून दोन डझन, वर चार.
उजवीकडून अजून मोजायचेत.
सोळापर्यंत आले होते,
मागून ट्रक आला.